कुलपातली पिशवी

"कुलूप लावलं नव्हतं तेव्हा चुकलो. आता लावलंय तरी चुकतोय. मग माणसानं करायचं तरी काय, अक्का?"

अक्कांनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला.

"आधी चपला बाहेर काढ," त्या म्हणाल्या.

प्रणील आवटीनं खाली बघितलं. चपला पायातच होत्या. तो दाराशी गेला, चपला काढल्या आणि परत आला. येताना लॅपटॉप उघडला, खुर्चीत बसायच्या आधीच मिटला आणि बसल्यावर पुन्हा उघडला. सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. एक जागा नाही की एक विचार नाही.

अक्का म्हणजे गिरिजा पट्टणशेट्टी. मिरजेत औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहतात. सहकारी बँकेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यापुढं बसायला पुरुष मंडळी घाबरत होती, म्हणून ह्यांना बसवलं. मग निवृत्त होईपर्यंत त्या तिथून उठल्या नाहीत. आता घरीच दोन-चार पोरांना डेटाबेस शिकवतात. नोंदी कशा ठेवायच्या, कशा काढायच्या, आणि एकाच नोंदीवर दोघांनी एकदम हात टाकला तर काय करायचं. पाटी नाही, जाहिरात नाही. ज्याचं अडतं तो जिना चढून येतो.

प्रणीलही पूर्वी शिकायला येत असे. हुशार होता, आणि हुशार असल्याची त्याला जरा जास्तच खात्री होती. कुलपांचा धडा आला तेव्हा त्यानं यायचं बंद केलं. जाताना सांगून गेला की कुलपं हे जुन्या मशीनचं दुखणं आहे. तो जावास्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिणार होता, तेही सर्व्हरवर. तिथं ती एका वेळी एकच काम हातात घेते. जी एकटीच आहे तिची टक्कर कुणाशी होणार?

अक्का तेव्हा काहीच बोलल्या नव्हत्या. वेळेवर न बोलण्याची त्यांना वाईट खोड आहे.

प्रणीलनं पुढं नाव काढलं. एका रक्तपेढीचं सगळं काम त्यानं ऑनलाइन करून दिलं. मिरज, सांगली आणि आसपासच्या गावांतली हॉस्पिटलं आपापल्या जागेवरून पेढीतल्या पिशव्या बघायची आणि हवी ती राखून ठेवायची. रक्ताच्या प्रत्येक पिशवीची एक नोंद. गट कोणता, कधीची, मोकळी की राखीव. रक्तालाही मुदत असते, म्हणून पेढीचा नियम असा की सगळ्यात जुनी पिशवी आधी जाणार. नियम चांगला आहे. पण त्यामुळं जो येतो तो एकाच नोंदीचं दार वाजवतो, हे प्रणीलच्या ध्यानात आलं नाही.

मागच्या मंगळवारी ओ निगेटिव्हची एकच पिशवी होती. दोन हॉस्पिटलांनी ती जवळजवळ एकाच क्षणी मागितली. प्रोग्रॅमनं दोघांनाही हो म्हटलं.

शिरोळकडच्या एका हॉस्पिटलात बाळंतीण होती. रक्त थांबत नव्हतं. तिचा दीर मोटारसायकलवरून थर्मोकोलची पेटी घेऊन पेढीत आला, तेव्हा पिशवी दुसऱ्या हॉस्पिटलला जाऊन पोचलीसुद्धा होती. काउंटरवर शबाना मुजावर होती, पेढीतली तंत्रज्ञ. तो माणूस तिला मोबाइल दाखवत राहिला. मोबाइलवर 'हो' लिहिलेलं होतं. त्याच्या हॉस्पिटलनं दुसरीकडं कुठं विचारलंच नव्हतं, कारण इथून हो आलं होतं. शेवटी एका पोलीस हवालदाराचं रक्त जुळलं आणि बाई वाचली. दैवानं वाचली, प्रणीलच्या प्रोग्रॅमनं नव्हे.

प्रणीलनं आधी शबानावर खापर फोडलं. हिनंच बटण दोनदा दाबलं असेल म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी. मग घरी जाऊन आपला कोड बघितला, आणि चूक आपलीच निघाली.

जावास्क्रिप्ट एका वेळी एकच काम करते हे खरं आहे. पण ती हॉटेलातल्या एकट्या वेटरसारखी आहे. एका टेबलाची ऑर्डर आत सांगितली की वेटर काही डोसा होईपर्यंत तव्याशी उभा राहत नाही. तो दुसऱ्या टेबलाकडं जातो. शेवटचा डोसा शिल्लक आहे हे त्यानं आत बघितलेलं असतं आणि दोन्ही टेबलांना तो 'आहे' म्हणून बसतो. वेटर एकच, गोंधळ मात्र दोघांचा.

हे कळल्यावर प्रणीलनं कुलपं लावली. पिशवीची नोंद कुणी हातात घेतली की तिला कुलूप. त्याचं काम होईपर्यंत दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही, बाहेर ताटकळायचं. पेढीच्या ट्रस्टनंही आपल्या परीनं कुलूप लावलं. मशीनमधून स्लिप आल्याशिवाय एकही पिशवी फ्रीजबाहेर जाणार नाही, असा हुकूम काढला.

आणि आज सकाळपासून मशीनमधून स्लिपच येत नव्हती. फ्रीज भरलेला, काउंटरवर माणसं उभी, आणि पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र.

प्रणील आगीतून फुफाट्यात पडला होता. म्हणून तो जिना चढून आला होता.

"वाच," अक्का म्हणाल्या.

त्यानं लॅपटॉप त्यांच्याकडं फिरवला. अक्कांनी तो परत त्याच्याकडं फिरवला.

"विसरलास काय? मराठीत वाच."

अक्कांची ही जुनी पद्धत. शिष्याच्या कीबोर्डला त्या बोट लावत नाहीत, पडद्याकडं बघतही नाहीत. शिष्यानं आपला कोड ओळीओळीनं, मोठ्यानं, मराठीत वाचायचा. इंग्रजीत वाचताना माणूस आपलंच लिहिलेलं ऐकत नाही, असं त्यांचं म्हणणं. पूर्वी पोरं ह्यावर हसायची. प्रणील सगळ्यात जास्त हसायचा.

खिशात फोन थरथरला. त्यानं तो बाहेर काढून बघितला, पेढीचा होता. उचलून सांगायला काहीच नव्हतं, म्हणून परत ठेवला आणि घाईघाईनं वाचू लागला.

"मोकळ्या पिशव्यांतली सगळ्यात जुनी शोध. तिच्या नोंदीला कुलूप लाव. हॉस्पिटलला निरोप पाठव, नक्की लागणार का. हो आलं की राखीव लिही. कुलूप काढ."

"निरोप कशाला?"

डॉक्टर लोक काळजीपोटी उगाचच पिशव्या राखून ठेवतात, त्यानं सांगितलं. ऑपरेशनच्या आधी दोन सांगायच्या, लागली तर एक, नाहीतर तीही नाही. म्हणून नक्की का, असं विचारायचं. कल्पना त्याची स्वतःची होती आणि सांगताना एवढ्या गडबडीतही त्याचा आवाज किंचित फुगला.

"बरं," अक्का म्हणाल्या. "पण एक शब्द गिळलास."

"कुठं?"

"निरोपाच्या ओळीत."

त्यानं पडद्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. त्याला काही दिसेना.

"परत बघ."

"…अवेट आहे. पण तो काय, असतोच."

"मराठीत."

"…थांब."

जावास्क्रिप्ट लिहिणारे हा शब्द इतक्यांदा लिहितात, की त्यांना तो दिसायचाच बंद होतो.

"कुणासाठी थांब?"

"डॉक्टरांच्या उत्तरासाठी."

"डॉक्टर असतात कुठं?"

"असतात आपापल्या… ऑपरेशनमध्ये असतात कधी. कधी जेवत असतात."

"आणि तोपर्यंत कुलूप?"

"लागलेलं असतं," प्रणील म्हणाला. मग जरा चढ्या आवाजात म्हणाला, "लागलेलंच पाहिजे, अक्का. मध्येच काढलं तर दुसरा कोणीतरी पिशवी उचलून नेईल. तेच तर झालं होतं ना मंगळवारी."



वर पंखा कुरकुरत होता. खाली दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. प्रणीलचा गुडघा टेबलाखाली हलत होता आणि त्यामुळं टेबलावरचं पाण्याचं भांडंही हलत होतं.

"दुधानं तोंड पोळलं तर माणूस ताक फुंकून पितो," त्या म्हणाल्या. "तू ताकच कपाटात ठेवून किल्ली घेऊन बसलायस."

"म्हणजे कुलूप काढू?"

"मी तसं म्हटलं काय?"

"मग ठेवू?"

"तसंही म्हटलं नाही."

प्रणीलला त्यांचा राग आला. तिकडं माणसं खोळंबलीत आणि ही म्हातारी कोडी घालत बसलीय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. फोन पुन्हा थरथरायला लागला.

"हात दे," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"हात दे तुझा."

त्यानं उजवा हात पुढं केला. अक्कांनी मनगट धरलं, नाडी बघावी तसं. दुसऱ्या हातानं स्वतःचा फोन उचलला आणि अथणीला बहिणीला लावला.

बहिणी बहिणी कानडीत बोलू लागल्या. प्रणीलला कानडी येत नाही, पण लोणच्याचं चाललंय एवढं कळत होतं. मध्येच मोहरी आली, मध्येच कुणाच्या तरी सुनेचं नाव आलं. त्याच्या उजव्या खिशातला फोन थांबला आणि लगेच पुन्हा सुरू झाला.

"अक्का, हात."

अक्कांनी मानेनंच थांब म्हटलं.

"रक्तपेढीचा फोन आहे, अक्का."

त्यांनी ऐकलं, पण मनगट सोडलं नाही. हिसका देऊन हात सोडवता आला असता. पण अक्कांच्या हाताला हिसका देणारा शिष्य अजून मिरजेत जन्मायचाय. त्यानं डावा हात वळवून उजव्या खिशात घालायचा प्रयत्न केला. तो पोचला नाही. खुर्ची तेवढी करकरली.

मग अथणीचा आवाज बंद झाला. बहिणीनं गॅसवर दूध ठेवलं होतं, ती ते बघायला आत गेली होती. अक्का मोकळा फोन कानाला लावून बसून राहिल्या. तिकडून कोणी बोलत नव्हतं. इकडून कोणी बोलत नव्हतं.

खिशातला फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला.

"अक्का, तिकडं कोणी बोलतसुद्धा नाहीये," प्रणील जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला.

"येईल की ती. दूध उतरवून येईल."

"मग येईपर्यंत माझा हात कशाला धरून ठेवलाय? ती आल्यावर बोला तुम्ही. हात तरी सोडा…"

तो मध्येच थांबला.

अक्का त्याच्याकडं बघत होत्या. तो स्वतःच्या मनगटाकडं बघत होता. कानापर्यंत तो लाल झाला. हुशार माणसाला आपली चूक कळते तेव्हा ती एकदम सगळी कळते, म्हणून त्याला ती जास्त लागते.

"…हात सोडा," तो पुन्हा म्हणाला. ह्या वेळी ते अक्कांना उद्देशून नव्हतं.

अक्कांनी हात सोडला. दूध उतरवून फोनवर परत आलेल्या बहिणीला काहीतरी सांगितलं आणि फोन ठेवला.

प्रणीलनं पेढीचा फोन उचलला. शबाना बोलत होती, आणि ती रडत नव्हती एवढंच. ओ निगेटिव्हची आज पुन्हा एकच पिशवी होती, आणि ती दोघांना हवी होती. सांगलीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली सापडलेला एक माणूस ऑपरेशनच्या टेबलावर होता. मिरजेत एका बाईचं ऑपरेशननंतर रक्त थांबत नव्हतं. दोन्ही हॉस्पिटलं बटण दाबून दाबून थकली होती आणि दोघांच्याही पडद्यावर चक्रच फिरत होतं. त्या पिशवीच्या नोंदीला सकाळी तिसऱ्याच एका डॉक्टरच्या नावानं कुलूप लागलं होतं. तो डॉक्टर सकाळपासून ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आला नव्हता, आणि त्याला ती पिशवी बहुधा लागणारही नव्हती.

"सर, माझ्यासमोर माणसं उभी आहेत," ती म्हणाली. "मी त्यांना काय सांगू तेवढं सांगा."

"करतोय," प्रणील म्हणाला. "आत्ता करतो."

त्यानं फोन ठेवला, आज पिशवी एकच आहे आणि दोघं मागतायत एवढं अक्कांना सांगितलं आणि लिहायला बसला. बोटं चालायला लागली की त्याच्यासारखा तोच, हे मान्य केलंच पाहिजे. अडकलेली सगळी कुलपं त्यानं आधी काढून टाकली. मग निरोपाची ओळ उचलली आणि कुलपाच्या बाहेर नेऊन ठेवली. आता कुलूप लावायचं, राखीव लिहायचं, कुलूप काढायचं. डॉक्टरांना विचारणं त्यानंतर, सावकाश. नको म्हणाले किंवा बराच वेळ उत्तरच आलं नाही, तर पिशवी पुन्हा मोकळी करायची. कुलूप आता डोळ्याची पापणी लवावी इतकाच वेळ लागणार होतं.

लिहून झालं तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. सकाळपासून पहिल्यांदाच खांदे खाली आले होते. सर्व्हरवर चढवायच्या बटणाकडं त्याचं बोट गेलं.

"वाच," अक्का म्हणाल्या.

"अक्का, वेळ नाही."

"मग लवकर वाच."

त्यानं दात आवळले. पण वाचलं, आणि आता शब्द गिळला नाही. प्रत्येक ओळीत जिथं जिथं थांबायचं होतं तिथं तिथं तो शब्द मुद्दाम, जरा रागानंच उच्चारला.

"मोकळ्या पिशव्यांतली सगळ्यात जुनी शोध. थांब. सापडली. तिच्या नोंदीला कुलूप लाव. थांब. लागलं. राखीव लिही. थांब. कुलूप काढ. मग निरोप पाठव."

"पिशवी मोकळी आहे हे कधी बघितलंस?"

"पहिल्याच ओळीत."

"आणि कुलूप?"

"त्याच्या पुढच्या."

"मध्ये काय आहे?"

"मध्ये काही नाही, लगेचच…"

तो थांबला. पडद्यावर मध्ये तोच शब्द होता, आणि त्यानं तो आत्ताच स्वतःच्या तोंडानं उच्चारला होता.



प्रणीलनं बटणावरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवला. आता त्याला ते डोळ्यांपुढं दिसायला लागलं. सांगलीनं विचारलं, पिशवी मोकळी दिसली. मिरजेनं विचारलं, मोकळीच दिसली. दोघंही कुलपाशी आले. सांगली आत गेली, राखीव लिहिलं, बाहेर आली. मिरज दाराशी उभीच होती. कुलूप निघताच तीही आत गेली. मघाशी मोकळी बघितली होती, त्या भरवशावर तिनंही आपलं नाव लिहिलं. कुलूप अगदी नीट लागलं, नीट निघालं, कुणी कुणाच्या अंगावर पडलं नाही, आणि पिशवी पुन्हा दोघांची झाली.

अजून एक क्षण आणि त्यानं ते चढवलं असतं.  त्याला भीती वाटली. सकाळपासून त्याला घाई होती, चीड होती, लाज होती. भीती आत्ता पहिल्यांदा वाटली.

"बघून कुलूप लावतोय मी," तो हळू आवाजात म्हणाला. "कुलूप लावून बघायला पाहिजे."

"बोलू नको. लिही."

त्यानं लिहिलं आणि लिहिता लिहिताच वाचत गेला. आता त्याला वाच म्हणायची गरज नव्हती.

"जुनी पिशवी शोध. कुलूप लाव. आत जाऊन परत बघ. अजून मोकळी असेल, तर राखीव लिही. नसेल, तर…"

बोटं थांबली.

"नसेल तर?" अक्कांनी विचारलं.

"नसेल तर पुढची जुनी पिशवी शोध."

"आणि पुढची नसेलच तर? आज एकच आहे म्हणालास."

"तर… परत सुरुवातीपासून बघ. मधल्या वेळात कुणीतरी सोडली असेल."

"आणि कुणीच सोडली नसेल तर?"

"तर परत बघ."

"किती वेळ?"

प्रणीलनं वरपासून सगळा कोड चाळला. इतके महिने हा प्रोग्रॅम चालत होता. त्यात हो म्हणायच्या तऱ्हा होत्या, हो म्हणून हिरवा रंग दाखवायच्या होत्या, हो म्हटल्यावर निरोप पाठवायच्या होत्या. नाही म्हणायची एकही ओळ त्यानं आजवर लिहिलेली नव्हती. लिहायची वेळ येईल असं त्याला वाटलंच नव्हतं. आपल्या हातून बनलेली गोष्ट कुणाला नाही म्हणेल ही कल्पनाच त्याला आवडत नसे.

फोन वाजला. शबानाच होती. ह्या वेळी त्यानं लगेच उचलला आणि फक्त, आलंच, म्हणाला.

मग त्यानं ती ओळ लिहिली. लिहून झाल्यावर वाचली.

"नसेल, तर नाही म्हण. लगेच."

अक्कांनी मान हलवली.

त्यानं बटण दाबलं.

मग करण्यासारखं काही उरलं नाही, आणि ते सगळ्यात वाईट असतं. तो उठला, खिडकीशी गेला, परत आला. चपला नव्हत्या तरी दाराशी जाऊन पायानं चपला शोधल्यासारखं केलं. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि चहाचं आधण ठेवून आल्या. त्यानं चहा नको म्हटलं. त्यांनी त्याला विचारलंच नव्हतं.

फोन वाजला तेव्हा तो त्याच्या हातातून पडता पडता राहिला.

शबाना ह्या वेळी शांत होती. स्लिप निघाली होती. ओ निगेटिव्हची पिशवी मिरजेच्या बाईला गेली, एकाच नावावर. पिशवी तपासणीच्या टेबलावर घेतलीसुद्धा होती. बाकीच्या गटांच्या स्लिपाही धडाधड यायला लागल्या होत्या, आणि काउंटरवरची गर्दी हलली होती.

"आणि सांगली?" प्रणीलनं विचारलं.

सांगलीला त्याच घटकेला 'नाही' गेलं होतं. तिथल्या लोकांनी लगेच दुसऱ्या पेढ्यांना फोन सुरू केले होते. ट्रॉलीखाली सापडलेल्या माणसाचा भाऊ पेटी घेऊन कोल्हापूरच्या रस्त्याला लागला होता. तिथं मिळेल असं कुणीतरी म्हणालं होतं. मिळालं का, ते शबानाला माहीत नव्हतं. तिनं फोन ठेवला, तिला काम होतं.

प्रणील खुर्चीत बसला. शाबासकी मिळावी म्हणून त्यानं अक्कांकडं बघितलं असतं, सकाळी आला होता तो प्रणील असता तर. आता त्यानं बघितलं नाही. त्याला बरं वाटायला हवं होतं आणि वाटत नव्हतं. गुडघा पुन्हा हलायला लागला होता.

अक्कांनी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला. तो कपाकडं बघत राहिला. साय धरली तरी बघतच राहिला.

"अक्का…"

"हं."

"सगळं बरोबर चाललंय आता. मला माहीत आहे."

"हं."

"पण ती ओळ मी लिहिलीय. टेबलावर पडलेल्या त्या माणसाला…"  त्यानं लॅपटॉप मिटला. "त्याला नाही मी म्हटलं, अक्का."

अक्कांनी साय धरलेला कप उचलून बाजूला ठेवला.

मग म्हणाल्या, "मंगळवारी दोघांना हो म्हटलं होतंस."